मॅक्रो लेन्स ५० ची की ९० ची? आधी काचेपासून किड्यापर्यंतचं अंतर बघा

तुमच्याकडे सोनीचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आहे, मुंबईच्या आरेत आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात किडे, कोळी आणि अळंब्या टिपायच्या आहेत, आणि ५० एमएमची मॅक्रो घ्यावी की बरेच जास्त पैसे घालून ९० एमएमची, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत: जीव हलणारे असतील तर ९० ते १०५ च्या पट्ट्यातलीच घ्या. पैसे जमेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल.

दोन्ही लेन्स १:१ देतात, म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो, त्यामुळे कागदावर फरक कळत नाही. कळीची गोष्ट आहे अंतर. माहितीपत्रकातलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या काचेपासून नव्हे. सोनीच्या ५० मॅक्रोचं ते १६ सेंटीमीटर आहे. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की काचेसमोर उरतात जेमतेम पाचेक सेंटीमीटर. ९० चं २८ सेंटीमीटर आहे, तिथे समोर साधारण १३ उरतात. एपीएस-सीसाठीची ३० एमएम मॅक्रो स्वस्त म्हणून मोहात पाडते, पण तिच्यात १:१ ला दोन-अडीच सेंटीमीटरच मिळतात. किड्यांसाठी ती विसरा.

हे आकडे प्रत्यक्षात कसे भिडतात बघा. पावसाळ्यात टाकळ्याच्या पानावर उड्या मारणारा कोळी बसलेला असतो, सहा-सात मिलिमीटरचा. तो पळण्याआधी वळून समोरचे दोन मोठे डोळे तुमच्यावर रोखतो, आणि फोटो नेमका तोच हवा असतो. काच पाच सेंटीमीटरवर आणलीत की लेन्सची सावली त्याच्यावर पडते आणि तो क्षणात पानाखाली जातो. थांबलाच, तरी फ्लॅशचा उजेड लेन्सच्या तोंडाशीच अडतो. १३ सेंटीमीटरवर तो बहुतेक वेळा तुमच्याकडे बघत बसतो, आणि डिफ्यूझरला (फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याला) जागाही मिळते. चतुर आणि टाचण्यांचं तर विचारूच नका, त्यांना याहूनही लांबून गाठावं लागतं.

एफ २.८ साठी जीव टाकू नका (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं आहे त्याचा आकडा, लहान आकडा म्हणजे जास्त उजेड). १:१ ला तसंही ते प्रत्यक्षात एफ ५.६ एवढाच उजेड देतं. एफ ८ ठेवलंत तरी तुमच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारी पट्टी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचीच असते, म्हणजे डोळे धारदार आले की पाय धूसर. एफ ११ पर्यंत जा, त्यापुढे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) बारकावे मऊ व्हायला लागतात. आता एफ ११ आणि जुलैतली झाडीखालची अंधारी दुपार यांचं गणित फ्लॅशशिवाय सुटत नाही. स्टॅबिलायझेशनचा (हाताचा हादरा सावरणाऱ्या सोयीचा) इथे फार भरवसा धरू नका. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं एवढा फायदा होतो, पण तुम्ही पुढेमागे डुलता ते आणि वाऱ्याने पान हलतं ते त्याच्या हातात नाही. म्हणून लेन्सच्या पैशातूनच एक साधा फ्लॅश आणि मोठा, मऊ उजेड देणारा डिफ्यूझर यांची सोय करा. आणि हो, शटर मेकॅनिकल ठेवा, बहुतेक बॉडींवर इलेक्ट्रॉनिक शटरला फ्लॅश चालत नाही.

ऑटोफोकस नसलेली लेन्सही मॅक्रोत चालते. किडा किती पट मोठा टिपायचा ते आधी ठरवायचं, फोकस पीकिंग (धारदार कडा रंगाने दाखवणारी सोय) लावायचं आणि अंग किंचित पुढेमागे करत डोळा धारदार होताच बटण दाबायचं. मिररलेसवर हे फार सुखाचं आहे. लाओवा कंपनीची ६५ एमएम याच जातीची, एपीएस-सीसाठी बनवलेली आणि थेट २:१ पर्यंत जाणारी. पण २:१ ला तीही किड्याच्या अगदी जवळ न्यावी लागते, तेव्हा पहिली लेन्स म्हणून मी सुचवणार नाही.

पैसे साठेपर्यंत रिकामे बसू नका. सोनीची ५५-२१० एमएम झूम असेल तर तिच्यासमोर रेनॉक्स डीसीआर-२५० ही जवळचं मोठं दाखवणारी जोडलेन्स लावा. झूमचं तोंड ४९ मिलिमीटरचं असल्याने ५२ ची स्टेप-अप रिंग (तोंड मोठं करणारी जोडकडी) लागेल. ही रेनॉक्स आठ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखी ताकद) आहे, त्यामुळे समोर साधारण १२ सेंटीमीटर मिळतात आणि २१० वर दीडपटीहून जास्त मोठेपणा. कडा थोड्या मऊ येतात. शिकायला मात्र याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही.

अळंब्या आणि शेवाळच टिपणार असाल तर ५० आणि बुटका ट्रायपॉड पुरेसा आहे, त्या पळत नाहीत.

सेकंडहँड ९० साठी फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला फिरून या, पण टॉर्च घेऊन जा. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून मागून उजेड टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, किंमत कितीही पाडून दिली तरी नको. मग ऑटोफोकस अनंतापासून अगदी जवळपर्यंत दोन-चारदा फिरवून अडखळत नाही ना ते ऐका. घरी आणल्यावर कपाटात कपड्यांमागे ठेवू नका. ड्राय कॅबिनेट नाहीतर सिलिका जेल टाकलेला घट्ट झाकणाचा डबा, आत छोटं हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र), आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांवर. मुंबईच्या हवेत हे पहिल्याच दिवसापासून करा.