तुलूजला येताय, मुलालाही घेऊन

नवऱ्याची फ्रान्समधल्या तुलूजला बदली होतेय, मुलगा अकरा वर्षांचा, सदा मैदानावर. त्याला सोबत आणू की आजीकडे नाशिकला ठेवू, असं तुम्ही विचारलंत. ताई, व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे. ते सोडून लिहिते.

आणा त्याला. पण आत्ताच, दोन-तीन वर्षांनी नको. माझ्या मुलाला फ्रेंच येत नाही म्हणून एक इयत्ता खाली बसवलं, गणितात तो सगळ्यांच्या पुढे असताना. पंधराव्या वर्षाच्या सुमारास इथे ठरतं, मूल पुढे सर्वसाधारण लिसेत, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेत, जाणार की व्यवसाय-शिक्षणाकडे. त्याला दुसरीकडे वळवायला निघाले होते. मी भांडले, निर्णय बदलला. राग गेलेला नाही.

कागदांचं: जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, तिकडूनच करून आणा, अनुवाद इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून घ्या. आपल्या पासपोर्टात मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, ते इथे मुलाचंच दुसरं नाव धरतात. आणि बाईची नोंद माहेरच्या आडनावाने होते. तुमची आडनावं दोन कागदांवर दोन असतील, तर निघण्याआधी निस्तरा. माझे कितीतरी महिने यात गेले.

एकटेपणा येतो. सवय होते.

खेळाचं मात्र सविस्तर सांगते. हे रग्बीचं गाव आहे. त्याला वस्तीतल्या क्लबात घाला. सराव सुरू झाला की भाषेवाचून अडत नाही, आणि सामन्यानंतर दोन्ही संघांची पोरं एकत्र बसून खातात. माझ्या मुलाला पहिलं आमंत्रण तिथूनच आलं, शाळेतून नाही.

रग्बीपटू आंत्वान द्युपाँचं नाव तुम्हाला रोज ऐकू येईल. पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याच्या कास्तेलनो-मान्योआकचा पोरगा. गावच्या क्लबातून ओशच्या क्लबात, 2014 मध्ये कास्त्रच्या, 2017 पासून तुलूजच्या. 2021 मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2024 मध्ये सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा संघांची स्पर्धा सोडून सात जणांच्या रग्बीकडे वळला आणि पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकला. उजव्या गुडघ्याचा लिगामेंट दोनदा तुटला, 2018 आणि 2025 मध्ये, दोन्ही वेळा आयर्लंडविरुद्ध.

लोकांना त्याच्या पासेसचं कौतुक. मला त्याच्या नकाशाचा हेवा वाटतो. एवढा मोठा खेळाडू, पण ज्या क्लबांतून घडला ते सगळे घरापासून गाडीने दोन-अडीच तासांच्या आत. गुडघा धरून बसला तरी आईचं घर जवळ. माझ्या मुलाचं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा त्याची आजी ते फोनच्या पडद्यावर बघत होती आणि रडू नको म्हणून मलाच सांगत होती.

तो आता इथलाच झालाय. सुट्टीत पुण्याला चल म्हटलं तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघतो. मी आनंदाने तिकीट पुढे ढकलते, आणि मग रात्री आईला फोन करायचं टाळते. तुमच्या मुलाला आणाल तेव्हा आजीच्या व्हिसाची चौकशीही त्याच आठवड्यात सुरू करा.