अमेरिकन कॉमिक्स लेखकाची राजकीय मतं उघड झाली की त्याची कारकीर्द संपते का?

नाही. पण काम कमी होऊ शकतं, आणि किती कमी होईल हे पात्राची मालकी कोणाकडे आहे यावर ठरतं. (अर्जेंटिनात 1977 साली हेक्टर ओस्टरहेल्ड या लेखकाला लष्करी राजवटीने गायबच केलं. अमेरिकेतला वाद त्या पातळीचा नाही, काम मिळण्या-न मिळण्याचा आहे.)

सुपरमॅन, बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका ही पात्रं कंपनीची. लेखकाला पानामागे ठरावीक मानधन मिळतं, हक्क कंपनीचे. पुढचा अंक त्यालाच द्यावा असं बंधन सहसा नसतं. त्यामुळे कोणाला हाकलून द्यायची वेळच येत नाही, संपादकाचे फोन कमी होतात. कारण कागदावर कुठेच नसतं, म्हणून खरं-खोटं करणंही अवघड. बॅटमॅनच्या कथांमधल्या बेन या खलनायकाचा सहनिर्माता, लेखक चक डिक्सन उजव्या विचारांचा. लहान मुलांसाठीच्या कॉमिक्समध्ये एड्सवर थेट कथा नको असं मत मांडल्यावर संपादकांनी सहकाऱ्यांची माफी मागायला सांगितलं आणि पुढे काम घटलं, असं त्याने 2014 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या लेखात सांगितलं. ही अर्थात त्याची बाजू.

लोक वाचकांच्या संतापाकडे बघत बसतात, पण गाडं अनेकदा अडतं ते चित्रकारापाशी. अंक साधारण 20 पानांचा. दिवसाला एक पान काढायचं तर चित्रकाराचा जवळजवळ महिना जातो. तो मधेच बाजूला झाला तर तयार संहिता नुसती पडून राहते. समलिंगी विवाहाला जाहीर विरोध करणाऱ्या ऑर्सन स्कॉट कार्ड या लेखकाला सुपरमॅनची मालक कंपनी डीसीने 2013 मध्ये सुपरमॅनची कथा दिली तेव्हा हेच झालं. गदारोळ उठला तरी डीसी मागे हटली नव्हती. मार्चमध्ये चित्रकार ख्रिस स्प्राउसने अंग काढून घेतलं. कारण दिलं, कामापेक्षा गाजावाजाच मोठा झालाय. दुसरा चित्रकार शोधू, असं डीसी म्हणाली. कथा काही आली नाही.

उलट लेखक निक स्पेन्सर बघा. सिनसिनाटीत निवडणूक लढवलेला हा माणूस. 2016 मध्ये त्याने कॅप्टन अमेरिकाला हायड्राचा हस्तक दाखवलं, तर नाझींशी नातं असलेल्या संघटनेत त्याला बसवलं म्हणून वाचक खवळले. तरी 2018 पासून तीन वर्षं स्पायडरमॅनची मुख्य मालिका त्याच्याकडे होती. दुकानदार अंक आगाऊ मागवतात आणि उरलेले सहसा परत करता येत नाहीत. म्हणून कंपनी आरडाओरड्यापेक्षा मागणीचा आकडा बघते. हाच आकडा कौतुकालाही जुमानत नाही. लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांच्या वर्णद्वेष, अमली पदार्थ अशा विषयांवरच्या ग्रीन लँटर्न-ग्रीन अ‍ॅरो कथांची वाहवा झाली. तरी मालिका 1972 मध्ये बंद पडली.

मालकी आपली असली की चित्र पालटतं. लेखक बिल विलिंगहॅम उघडपणे उजवा, तरी त्याची 'फेबल्स' ही मालिका 2002 ते 2015 अशी 150 अंक चालली. पण नुसत्या 'हक्क लेखकाचे' या शब्दांवर विसंबू नका. अराजकवादी लेखक अ‍ॅलन मूरच्या करारात पुस्तक छापणं थांबलं की हक्क परत, असं कलम होतं. त्याचं 'वॉचमेन' हे कॉमिक्स पुस्तक इतकं खपलं की छपाई थांबलीच नाही. आज सही करणार असाल तर 'छपाईत आहे' याची व्याख्या वार्षिक विक्रीच्या किमान आकड्याने करून घ्या. नाहीतर डिजिटल प्रत विक्रीला ठेवली तरी पुस्तक कायम 'उपलब्ध' ठरेल. वर्तनाविषयीचं कलमही नीट वाचा: समाजमाध्यमांवरच्या खासगी मजकुराला ते लागू होतं का, आणि करार मोडल्यास झालेल्या पानांचे पैसे मिळणार का.