दर दुपारी कलतं काय: जमीन की टिल्टमीटर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अर्धा मीटर खोल खड्ड्यात, काँक्रीटच्या चौथऱ्यावर टिल्टमीटर (जमिनीचा बारीकसा कल मोजणारं यंत्र) बसवलाय. त्याच्या नोंदीत रोज ८ मायक्रोरेडियन कलाची लाट येते. हवेचं तापमान एका गुणकाने गुणून त्यातून वजा केलं तरी ती जात नाही. मग सेन्सर बिघडलाय का?

मला तसं वाटत नाही. उष्णता कुठल्या वाटेने आत येतेय हे कळण्याआधीच तुम्ही वजाबाकीला बसलात.

१ मायक्रोरेडियन म्हणजे १ किलोमीटर लांब दांडीचं एक टोक १ मिलिमीटर उचलणं. आता तुमच्या यंत्राचे पाय बघा. समजा ते ॲल्युमिनियमचे, ५ सेंटिमीटर उंच आणि एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर आहेत. ॲल्युमिनियम अंशामागे दशलक्षात २३ भाग वाढतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा नुसता ०.१ अंश गरम झाला तरी जवळपास ०.६ मायक्रोरेडियनचा कल दिसतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने येणारा कल समुद्रापासून दूर ०.२ मायक्रोरेडियनच्याही आत असतो! सगळे पाय सारखेच तापले तर मात्र काही बिघडत नाही. म्हणून थर्मामीटर एक नको, दोन हवेत, आणि तेही समोरासमोरच्या पायांना चिकटवलेले. इन्व्हारचे (तापल्यावर फारसा न वाढणाऱ्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचे) पाय मिळाले तर हा दोष विसाव्या हिश्श्यावर येतो.

दुसरी वाट सेन्सरच्या आतली. तुमचा सेन्सर पाणसळीसारखा, बुडबुड्याचा आहे. द्रव तापून फुगला की बुडबुडा आक्रसतो आणि तेवढ्याच कलाला व्होल्टेज वेगळं येतं. शून्य सरकतं ते वेगळंच. बुडबुडा मध्यापासून जितका लांब, तितकी ही चूक मोठी, म्हणून यंत्र शून्याच्या जवळ ठेवा.

तिसरी वाट खुद्द जमीन. खड्ड्याच्या एका बाजूला ऊन आणि दुसरीकडे सावली असेल तर जमीन खरोखर कलते. ही यंत्राची चूक नाहीच, यंत्र खरं तेच सांगतंय.

आता वजाबाकी का फसली ते बघा. दिवसाची उष्णता ओलसर मातीतून उतरताना साधारण दर १५ सेंटिमीटरला ३७ टक्क्यांवर येते आणि जवळपास ४ तास मागे पडते. अर्ध्या मीटरवर ती बारा-एक तास उशिरा पोचते, म्हणजे वर दुपार असते तेव्हा खाली रात्रीची थंडी. खड्ड्यातल्या हवेतून येणारी उष्णता मात्र लगेच पोचते. दोन्ही वाटा एकत्र आल्या की तापमान आणि कल यांच्या आलेखात सरळ रेषेऐवजी लंबवर्तुळ उमटतं. त्याला एक गुणक कसा पुरेल?

यंत्र अन् जमीन वेगळी करायला माझी आवडती चाचणी सोपी आहे. यंत्र त्याच जागी १८० अंश फिरवा, पुन्हा शून्यावर आणा आणि दोन-तीन दिवस बसू द्या. रोजच्या लाटेचं चिन्ह उलटलं तर कल जमिनीचा, चौथऱ्याचा किंवा बाहेरून एकाच बाजूने तापणाऱ्या पायांचा. तसंच राहिलं तर सेन्सरचा किंवा पायांमधल्या आपसातल्या फरकाचा. माझ्या एका नोंदीत रोज सकाळी ठरलेल्या वेळी पायरीसारखी उडी यायची. मी कितीतरी दिवस सर्किट तपासत बसलो. शेवटी झाकणाच्या फटीतून उन्हाची बोटभर तिरीप एका पायावर पडताना दिसली.

यंत्राभोवतीची मोकळी जागा कोरड्या वाळूने भरा, म्हणजे हवा आत फिरणार नाही. बॅटरी आणि डेटालॉगर (नोंद साठवणारं यंत्र) खड्ड्याबाहेर ठेवा, पण सावलीत.

महिनाभराची नोंद हाती आली की चंद्राच्या ओढीने येणारी १२.४२ तासांची कलाची लाट शोधा. सूर्याची उष्णता २४ आणि १२ तासांच्या लाटा बिघडवते, चंद्राच्या या लाटेला ती हात लावत नाही. १२ तासांची लाट हिच्यापासून वेगळी करायला किमान १५ दिवस लागतात, म्हणून घाई नको. ही लाट गणिताने काढलेल्या आकाराशी जुळली, तर सेन्सर ठणठणीत आहे असं मी बिनदिक्कत म्हणेन.

आणि कृपया महिनोन्महिन्यांचा संथ कल तापमान वापरून पुसू नका. वार्षिक उष्णतेची लाट काही मीटर खोल जाते आणि तिच्या आडून जमिनीची खरी हालचालही वजा होऊन जाते. तुम्ही यंत्र लावलंय ते तीच बघायला.

यंत्र फिरवल्यानंतरचे चार दिवस आणि दोन्ही पायांच्या थर्मामीटरची नोंद इथे टाका. काय वजा करायचं ते त्यावरून ठरवू.