ट्रेकसाठी घेतलेल्या जीपीएसवरून कोणी माझा माग काढू शकतं का?

तुम्ही विचारलंय की हातात धरायचा साधा जीपीएस घेतला, तर आपण कुठे फिरतोय हे कंपनीला किंवा सरकारला कळत राहील का.

नुसता जीपीएस असेल तर नाही. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून अचूक वेळ आणि स्वतःची जागा सतत सांगत असतात. आपलं यंत्र किमान चार उपग्रहांचं ऐकतं आणि आपण कुठे आहोत याचा हिशोब स्वतःच करतं. वर काहीही पाठवत नाही. घरी रेडिओ लावला म्हणून आकाशवाणीला तुमचा पत्ता थोडाच कळतो!

पण ते सगळं लिहून ठेवतं, आणि घोळ तिथे आहे. माझा पिवळा गार्मिन ईट्रेक्स मी सेकंडहँड घेतला. दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र, सिम वगैरे काही नाही. केबल लावून कॉम्प्युटरवर उघडलं तर आधीच्या मालकाचे ट्रॅक, म्हणजे फिरलेल्या वाटांच्या नोंदी, तसेच! बऱ्याच रविवारी पहाटे पुण्यातल्या एकाच इमारतीच्या फाटकापासून निघालेली रेघ, आतकरवाडीला जरा थांबा, मग सिंहगडाची चढण. वर एका जागी ठिपक्यांचा नुसता गुंता. माणूस एका जागी बसला की जीपीएसची रेघ अशी भोवतीभोवती फिरते. वेळ पाहिली तर पंचवीस मिनिटं. पिठलं-भाकरीच असणार, दुसरं काय! साडेदहाला परत त्याच फाटकाशी. त्या गृहस्थांना मी एकदाच भेटलो होतो, तेही चहाच्या टपरीवर, पण त्यांचं घर कुठे आणि रविवारी ते किती वाजता रिकामं असतं, हे मला कळून चुकलं. सगळं पुसून टाकलं. तुम्ही कधी विकलात तर आधी रीसेट मारा.

यंत्राला सिम, ब्लूटूथ किंवा इंटरनेट जोडलं की मात्र प्रकरण बदलतं. गाडीत लपवून लावतात ते ट्रॅकर म्हणजे जीपीएस अधिक सिम, त्यातलं चुगली करतं ते सिम. मोबाइलचं तर लोकेशन बंद केलं तरी टॉवरवरून अंदाज लागतोच. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये गाडीला रस्ता दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या ग्राहकांकडून जमलेला वेगाचा डेटा पोलिसांपर्यंत गेला आणि त्यावरून वेग पकडणारे कॅमेरे कुठे लावायचे ते ठरलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, तरी लोक चिडले आणि कंपनीला माफी मागावी लागली. धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपने २०१७ मध्ये सगळ्यांच्या धावण्याचा एकत्र नकाशा काढला, तर अफगाणिस्तानातले अमेरिकन तळ अंधारात उजळून दिसले, कारण सैनिक रोज तळाभोवतीच पळत होते. तेव्हा ट्रॅक अपलोड करायचेच असतील तर घराजवळचा भाग लपवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. गार्मिन इनरीचसारखी यंत्रं उपग्रहामार्फत संदेश पाठवतात, म्हणजे ती बोलतातही. आपल्याकडे ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला त्यावरूनच अडवलं होतं. परदेशातला भाऊ ‘भारी आहे, घेऊन येतो’ म्हणाला तर आधीच नको म्हणून सांगा.