गिटलॅबची अकराशे ओळींची पाइपलाइन फाइल सामायिक फाइलींत कशी विभागावी?

बिल्ड, चाचणी आणि डिप्लॉय (कोड सर्व्हरवर चढवणे) ही कामे गिटलॅबने आपोआप कशी करावीत हे सांगणारी अकराशे ओळींची एकच यॅमल फाइल आपल्या आठ रेपोंत (कोडच्या साठ्यांत) नकलून ठेवलेली आहे आणि 'इन्क्लूड' (दुसरी फाइल आत ओढून घेण्याची सूचना) वापरून ती तोडायची तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. गोव्यात पर्वरीतील आमच्या कार्यालयात हेच काम माझ्या वाट्याला आले होते.

माझ्या मते सुरुवात फाइल तोडण्यापासून करूच नये. आमच्या फाइलीत निम्म्याहून अधिक ओळी 'स्क्रिप्ट'खाली कोंबलेल्या बॅश आदेशांच्या होत्या. त्या आधी स्वतंत्र शेल स्क्रिप्टमध्ये हलवल्या, तेव्हा त्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहता येऊ लागल्या आणि उरलेल्या यॅमलमध्ये सर्व प्रकल्पांना समान काय आहे ते सहज दिसू लागले.

येथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलो होतो. 'इन्क्लूड' दुसऱ्या प्रकल्पातील फक्त यॅमल आणते. त्या यॅमलने बोलावलेली शेल स्क्रिप्ट सोबत येत नाही, कारण जॉब (पाइपलाइनमधील एकेक काम) चालताना चेकआउट होतो, म्हणजे कोड उतरवला जातो, तो ज्या प्रकल्पाची पाइपलाइन चालते त्याचा. त्यामुळे सामायिक रेपोमध्ये डोळ्यांसमोर असलेली फाइल जॉब चालवणाऱ्या रनरला मात्र सापडत नाही. आम्ही या स्क्रिप्ट जॉब ज्या डॉकर इमेजमध्ये (लागणारी साधने भरलेल्या तयार साच्यात) चालतो तिच्यातच घातल्या. जॉबच्या आरंभी सामायिक रेपो क्लोन करणेही शक्य आहे, परंतु त्यासाठी परवानगीचे टोकन सांभाळावे लागते.

दुसरी गोष्ट 'एक्स्टेंड्स'ची, म्हणजे एका जॉबची मांडणी दुसऱ्या जॉबने घेण्याच्या सूचनेची. ते व्हेरिएबलसारख्या नाव-किंमत जोड्या एकत्र करते, याद्या मात्र जोडत नाही. समजा सामायिक जॉबच्या 'स्क्रिप्ट'मध्ये रजिस्ट्रीत लॉगिन, इमेज बिल्ड आणि पुश अशा तीन ओळी आहेत आणि आपण आपल्या जॉबमध्ये चाचणीची एक ओळ लिहिली, तर मूळच्या तिन्ही ओळी जातात आणि आपली एकच उरते. जुन्या ओळी ठेवून भर घालायची असल्यास उद्गारचिन्हाने सुरू होणारा 'रेफरन्स' टॅग वापरावा. यॅमलचे अँकर (एकदा लिहिलेला तुकडा पुन्हा वापरण्याच्या खुणा) एका फाइलीच्या बाहेर चालत नाहीत, म्हणून फाइल तोडताना तेही याच टॅगने किंवा 'एक्स्टेंड्स'ने बदलावे लागतील.

'इन्क्लूड' लिहिताना 'रेफ', म्हणजे सामायिक प्रकल्पाची कोणती आवृत्ती घ्यायची ते, द्यायला विसरू नका. तो न दिल्यास सामायिक प्रकल्पाच्या डिफॉल्ट ब्रँचवर त्या क्षणी जे असेल ते उचलले जाते. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी मी त्या ब्रँचवर एका व्हेरिएबलचे नाव बदलले आणि दुपारपर्यंत सगळ्या प्रकल्पांच्या पाइपलाइन लाल झाल्या. माटोळीच्या (गणपतीवर फळे-फुले बांधून करायच्या सजावटीच्या) सामानासाठी म्हापशाच्या बाजारात गेलेल्या दोन सहकाऱ्यांना फोन करून डिप्लॉय थांबवायला सांगावे लागले. त्यांनी काय ऐकवले ते येथे लिहीत नाही. तेव्हापासून प्रत्येक प्रकल्प सामायिक रेपोच्या एका ठरावीक गिट टॅगला (आवृत्तीला दिलेल्या नावाला) बांधलेला आहे, आणि नवा गिट टॅग आधी सर्वांत कमी वर्दळीच्या प्रकल्पात आठवडाभर चालवून मगच इतरांकडे नेतो.

फाइलींची संख्या किती असावी याचा फार विचार करू नका. आमच्याकडे बिल्ड, चाचणी आणि डिप्लॉय अशा तीनच आहेत. तोडल्यावर पाइपलाइन एडिटरमधील 'फुल कॉन्फिगरेशन' हा टॅब उघडा. सर्व तुकडे जोडून गिटलॅब प्रत्यक्षात काय वाचते ते तेथे दिसते. तो मजकूर जुन्या अकराशे ओळींशेजारी ठेवून एकेक जॉब ताडून पाहा, आणि मगच जुनी फाइल काढा.