मराठी नडते कुठं?

"सर, माझं सगळं शिक्षण मराठीत झालंय. मग यूपीएससीला बसून उपयोग काय?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. कधी निपाणीहून, कधी येळ्ळूरहून. या खेपेला तो खानापूर तालुक्यातल्या 22 वर्षांच्या एका मुलीनं विचारला. दहावीपर्यंत गावची मराठी शाळा, मग बेळगावात बी.ए. शेजारी तिचे आप्पा बसले होते. घरची भातशेती आणि दोन म्हशी. खिशात पुण्यातल्या एका क्लासचं माहितीपत्रक चार घड्या घालून ठेवलेलं. फी भरायला एक म्हैस काढायची, असं घरात ठरूनही गेलं होतं.

आप्पांची शंका निराळीच. "आमचं आडनाव नि पत्ता बघून वर कोण घेणार ओ आमच्या पोरीला?"

सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या मनात ही शंका असतेच, त्यात हसण्यासारखं काही नाही. मी त्यांना सांगितलं की मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, सांकेतिक क्रमांक दिसतो. त्या परीक्षेचे 1750 गुण आणि मुलाखतीचे 275, असे 2025 गुणांवर क्रमांक लागतो. माणूस समोरासमोर येतो तो फक्त त्या 275 साठी, दिल्लीत.

मग मुलीकडं वळलो. तिला विचारलं, मराठीची भीती नेमकी कुठल्या पेपरात वाटते? ती म्हणाली, "मेन्समध्ये. एवढं मोठं उत्तर इंग्रजीत कसं लिहू?"

इथंच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. मुख्य परीक्षेचा निबंध, सामान्य अध्ययनाचे चारही पेपर आणि वैकल्पिक विषय मराठीत लिहिता येतात, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मराठी आहे. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो आणि त्याला मराठीची पदवी लागत नाही. 2013 मध्ये प्रादेशिक माध्यमावर अटी घालणारी अधिसूचना निघाली होती, पण ओरड झाल्यावर ती मागं घेतली गेली. मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा असतो. त्यात 75 मिळाले की सुटका, ते गुण पुढं मोजत नाहीत, आणि पेपरची पातळी दहावीची. दुसरा सक्तीचा पेपर भारतीय भाषेचा, तिथं तिची मराठी आहेच.

आप्पा सावरून बसले. मुलगी म्हणाली, "मग अडचणच नाही की."

अडचण आहे, पण ती दोन घरं अलीकडं आहे. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. मराठीचा तिथं पत्ताच नाही. लिहायचं काही नसतं, पर्याय निवडायचे असतात, म्हणून पोरांना वाटतं की भाषेचा संबंध येत नाही. प्रत्यक्षात भाषेचा सगळ्यात जास्त संबंध तिथंच येतो. दोन तासांत शंभर प्रश्न, आणि एकेका प्रश्नात तीन-चार विधानं.

मी तिला आयोगाच्या संकेतस्थळावरचे मागच्या एका वर्षाचे दोन्ही पेपर दिले. म्हटलं, इथंच, घड्याळ लावून सोडव. आप्पा मधल्या वेळात खडेबाजारातली कामं उरकून आले.

पहिल्या पेपरात तिनं 90 प्रश्न सोडवले होते. 34 बरोबर, 56 चूक. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश वजा. म्हणजे 68 मधून साधारण 37 गेले, राहिले 31. खुल्या गटाची पूर्वपरीक्षा पार करायची रेषा, म्हणजे कटऑफ, 2023 ला 75.41 होती, 2024 ला 87.98, आणि तीही 200 पैकी. रेषा दिसते तेवढी उंच नाही, पण अंदाजानं ठोकलेल्या उत्तरांनी तिचं पीक उंदरांनी खावं तसं खाल्लं होतं.

दुसऱ्या पेपराचा निकाल जास्त बोलका होता. 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. हा पेपर फक्त पात्रतेचा, 33 टक्के म्हणजे 66 गुण लागतात. मात्र तेवढे मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही मिळवा, विचार होत नाही. तिनं 41 सोडवले. 25 बरोबर, 16 चूक, बेरीज 49. गणितं जमली होती. अडले होते ते इंग्रजी उतारे. प्रत्येक उतारा ती मनात मराठी करून वाचत होती, मग प्रश्न, मग पुन्हा उतारा.

हे मला पाठ आहे, कारण काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या बाबतीत मीच चुकलो. हुशार पोरगा, इतिहासावर पकड. मी बिनधास्त सांगितलं, जा पुण्याला. तीन प्रयत्नांत तीनदा तो दुसऱ्या पेपरात अडकला, आणि पहिल्या दोन वेळा मी त्याला गुणपत्रिका दाखव असंही म्हटलं नाही. तेव्हापासून आधी पेपर, मग बोलणं.

"एकदा बसून तर बघू दे की, अनुभव मिळंल," आप्पा म्हणाले. यावर मी जरा कडक झालो. खुल्या गटाला 32 वर्षांपर्यंत सहाच प्रयत्न मिळतात. नुसता अर्ज भरला तर प्रयत्न मोजत नाहीत, पण पूर्वपरीक्षेच्या एका पेपराला जरी बसलं तरी तो खर्ची पडतो. तेवढाच अनुभव माझ्या टेबलावर फुकट मिळतो. जातीच्या दाखल्याचंही पाहून घ्या म्हटलं. राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असतेच असं नाही, आणि आर्थिक दुर्बल गटातून अर्ज केला तरी वयात किंवा प्रयत्नांत सवलत मिळत नाही.

मग राज्यसेवांचा विषय निघाला, तो निघतोच. कर्नाटकच्या परीक्षेत कन्नडचा पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो. तिला कन्नड वाचता येत होतं, निबंध लिहिण्याइतकं येत नव्हतं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्रातल्या शासकीय पदांसाठी अर्ज करता येतो. त्याला 15 वर्षांच्या वास्तव्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. गाव यादीत आहे का ते बघून तो दाखला आधीच काढून ठेवा, एवढं सांगितलं. तीन परीक्षांचा अभ्यास एकदम नको.

पुणं आम्ही पुढं ढकललं, म्हैस वाचली. आठ महिने रोज एक इंग्रजी अग्रलेख, मराठी न करता वाचायचा आणि दोन ओळींत त्याचं म्हणणं इंग्रजीतच लिहायचं. दर रविवारी दुसऱ्या पेपराचे 20 प्रश्न. पहिल्या महिन्यात ती रडकुंडीला आली. मे महिन्यात पूर्वपरीक्षा होती, तिला बसायचं होतं, मी नको म्हटलं. घरात दोन दिवस माझ्या नावानं खडे फोडले गेले असणार.

पुढच्या वर्षी ती धारवाडच्या केंद्रावर बसली. दुसऱ्या पेपरात 84 गुण मिळाले, पहिल्यात नऊ गुणांनी हुकली. आता आप्पांना वाटत होतं की मी तिला थांबवणार. आकडे तरी तसं सांगत नव्हते. 2024 मध्ये 5,83,213 जण पूर्वपरीक्षेला बसले आणि 14,627 मुख्य परीक्षेला गेले. नऊ गुण त्या गर्दीत फार मोठं अंतर आहे, पण तिच्या 31 पासून ती जिथं पोचली त्यापुढं नाही. मी फक्त एक अट घातली: यंदा सोबत तलाठी किंवा लिपिक पदाची एखादी परीक्षाही द्यायची.

मागच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. माध्यम, आडनाव, काही नाही. "सर, धारवाडचा पेपर साडेनऊलाच असतोय न्हवं? गेल्या टायमाला पहाटेच्या बसनं पोरगी दमून गेली ओ. यंदा आदल्या दिवशी आत्याकडं सोडतो तिला."