पात्रांच्या बोलण्यातून बैठक व्यवस्थेचं कोडं कसं सोडवायचं?

‘अ हा ब च्या डावीकडे बसला आहे’ अशी सरळ वाक्यं असली की कोडं सुटतं, पण तीच माहिती पात्रांच्या तोंडी संवादात आली की डोकं चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. पोलीस भरती आणि बँक अशी दोन्हींची तयारी चालू आहे, असंही लिहिलंय. मी परभणीत भरतीच्या मुलामुलींना बुद्धिमत्ता चाचणी शिकवते, त्यामुळे ही अडचण माझ्या रोजच्या ओळखीची आहे. ती कुठं येते तेही नेमकं सांगता येतं. संवादातला डावा हात कुणाचा, हे ठरवायच्या आधीच पेन कागदाला लागतं आणि तिथंच घोळ होतो.

सरळ वाक्य सांगणारा कोडं घालणारा असतो, तो स्वतः कुठं बसलेला नसतो. संवादात मात्र बोलणारा स्वतः त्या बैठकीत असतो, ज्याच्याशी बोलतो तोही असतो आणि ज्याच्याविषयी बोलतो तोही. म्हणून पहिलं काम आकृतीचं नाही. प्रत्येक वाक्यातले ‘मी’, ‘तू’, ‘तिच्या’, ‘आपल्या’ हे शब्द काढून तिथं नावं घालायची. हे तोंडी करू नका, सुरुवातीला लिहूनच करा.

आता एक कोडं घेऊ. पौषातली सकाळ आहे, शेतात हुरड्याची आगटी पेटलीय. आबा, गोदाकाकू, सुमन, मुक्ता, दत्ता आणि बाळू असे सहा जण तिच्याभोवती गोल, सारख्या अंतरावर, आगटीकडं तोंड करून बसलेत.

आबा म्हणतात, “सुमे, धूर सगळा तुझ्याच तोंडावर यायलाय की. बरोबर माझ्या समोर बसलीस, म्हणून दिसायलंय मला.”
दत्ता म्हणतो, “काकू, गूळ द्या की इकडं. तुमच्या डाव्या हाताला मीच बसलोय, लागूनच.”
मुक्ता म्हणते, “दत्तादादा, चटणीची वाटी धरूनच बसलास होय? आपल्या मधी एकच जण आहे, तिच्या हाती दे पाठवून.”
बाळू म्हणतो, “पुढची कणसं टाका रे, भूक लागलीय.”

प्रश्न दोन: आबांच्या उजव्या हाताला कोण? मुक्ताच्या समोर कोण?

नावं घालून वाक्यं अशी होतात: सुमन आबांच्या समोर. दत्ता काकूंच्या डावीकडं, लागून. मुक्ता आणि दत्ता यांच्या मधे एकच व्यक्ती, आणि ती बाई. बाळूच्या बोलण्यात जागेची माहितीच नाही. संवादाच्या कोड्यात अशी रिकामी वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. ‘कणसं टाका म्हणतोय म्हणजे आगटीजवळचा असेल’ असली गोष्ट आपल्या मनानं रचायची नाही. तसंच दत्तानं गूळ मागितला एवढ्यावरून तो काकूंच्या शेजारी ठरत नाही. ‘तुमच्या डाव्या हाताला, लागूनच’ हे शब्द आहेत म्हणून ठरतो.

गोलात सहा जण बसवायच्या एकूण १२० रीती आहेत. एकाला कुठंही बसवून टाकायचं, कारण गोल फिरवला तरी बैठक तीच राहते. उरलेले पाच जण १२० प्रकारे बसतात. आबांना १ नंबरला बसवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं २ ते ६ नंबर टाका. सुमन समोर, म्हणजे ४ वर. एवढ्या एका वाक्यानं १२० च्या २४ रीती उरल्या. हेच मुक्ताच्या वाक्यापासून सुरू केलं असतं, ‘तिच्या’ बाजूला ठेवून नुसतं ‘मधी एकच जण’ एवढंच धरलं असतं, तर ४८ उरल्या असत्या. म्हणून संवादाच्या क्रमानं जायचं नाही. जे वाक्य माणसाला एकाच खुर्चीवर खिळवतं ते आधी घ्यायचं. ‘समोर’ हे बहुतेक वेळा असंच वाक्य असतं.

आता दत्ताचं वाक्य. डावा हात काकूंचा आहे. दत्ताचा नाही आणि कागद समोर धरणाऱ्या तुमचाही नाही. मधल्या आगटीकडं तोंड करून बसलेल्या माणसाचा डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला येतो. विश्वास बसत नसेल तर घड्याळाच्या ६ वर, मध्याकडं तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा: डाव्या हाताला ७ येतो, मग ८, मग ९. म्हणजे दत्ताचा नंबर काकूंच्या नंबरापेक्षा एकनं जास्त. आबा १ वर आणि सुमन ४ वर असल्यामुळे ही जोडी २-३ वर बसेल नाहीतर ५-६ वर. बाळू आणि मुक्ता उरलेल्या दोन जागी. रीती उरल्या ४.

जोडी २-३ वर असेल तर दत्ता ३ वर. त्याच्यापासून एक सोडून १ आणि ५. १ वर आबा आहेत, म्हणून मुक्ता ५ वर आणि मधली व्यक्ती सुमन. जोडी ५-६ वर असेल तर दत्ता ६ वर, मुक्ता २ वर आणि मधे आबा. दोन्ही आकृत्या ‘एकच जण’ला बसतात. निकाल लावतो तो ‘तिच्या’ हा एक शब्द. आबांना कुणी ‘तिच्या’ म्हणणार नाही. पहिली आकृती खरी: आबा १, काकू २, दत्ता ३, सुमन ४, मुक्ता ५, बाळू ६. उजवा हात काट्यांच्या उलट दिशेला, म्हणून आबांच्या उजवीकडं बाळू. मुक्ताच्या समोर गोदाकाकू.

दत्ताच्या वाक्यात डावं-उजवं उलटं धरलं तर काय होतं, हे एकदा करून बघाच. आबा १, बाळू २, मुक्ता ३, सुमन ४, दत्ता ५, काकू ६ अशी आकृती येते. ती पूर्ण भरते. कुठलंही वाक्य अडत नाही, ‘तिच्या’सुद्धा बसतं. मुक्ताच्या समोर कोण, तर काकू, आणि हे उत्तर बरोबरही येतं! पण आबांच्या उजवीकडं काकू येतात आणि तो प्रश्न जातो. ही खऱ्या आकृतीची आरशातली प्रतिमा आहे. आरशात ‘समोर’ आणि ‘मधे किती’ बदलत नाही, फक्त डावं-उजवं बदलतं. म्हणूनच ‘आकृती तर नीट बसली होती, तरी दोन प्रश्न कसे चुकले?’ असं मुलं विचारतात. आकृती बसणं हा पुरावा नव्हे. काढून झाल्यावर डावं-उजवं असलेलं एक वाक्य घ्यायचं, त्या माणसाच्या जागी मनानं बसायचं आणि पुन्हा तपासायचं. याला फार तर दहा सेकंद लागतात.

मराठी पेपरात संवादाचा एक मोठा फायदा आहे आणि तो बरेच जण वापरत नाहीत. आपली क्रियापदं माणूस पुरुष की स्त्री ते सांगून टाकतात. किरण, शीतल अशी दोघांनाही चालणारी नावं दिली असली की आधी ‘मी येऊन बसले’ आहे की ‘बसलो’ ते बघा. ‘माझ्या शेजारचा’ आणि ‘माझ्या शेजारची’ यांतही जागेची माहिती आहे. ‘भावजी’, ‘जाऊबाई’, ‘वन्सं’ ही हाक नातं आणि लिंग एकदम देते. फक्त आदरार्थी बहुवचनाला जपा. ‘आमच्या मधे ते बसलेत’ यातले ‘ते’ एक आजोबाही असू शकतात आणि दोन पोरंही. तिथं घाईनं दोन खुर्च्या सोडू नका, दोन्ही शक्यता कोपऱ्यात मांडून ठेवा.

रांगेच्या कोड्यात जीवघेणी जागा वेगळी. ‘डावीकडून दुसरा’ म्हणजे रांगेच्या डाव्या टोकापासून मोजायचं. ‘माझ्या डावीकडं दुसरा’ म्हणजे बोलणाऱ्यापासून मोजायचं. एका ‘-ऊन’नं सगळं फिरतं. पंगतीसारख्या समोरासमोरच्या दोन रांगा असल्या तर प्रत्येक रांगेवर बाण काढून ठेवा. उत्तरेकडं तोंड असलेल्याचं डावं पश्चिमेला, दक्षिणेकडं तोंड असलेल्याचं पूर्वेला.

बँकेच्या परीक्षेत काही जण आत तोंड करून, काही बाहेर तोंड करून असंही देतात. समजा दत्ता धुराला वैतागून आगटीकडं पाठ करून बसला. आता त्याचं स्वतःचं डावं-उजवं उलटलं, पण काकूंचं नाही. तो अजूनही काकूंच्या डाव्याच हाताला आहे, काकू मात्र आता त्याच्या उजवीकडून डावीकडं आल्या. ‘माझ्या डावीकडं दुसरे आबा’ असं तो म्हणाला तर ते खरं आहे. पाठ फिरवायच्या आधी त्या जागी मुक्ता होती. खुर्ची तीच, हात बदलले.

आणि पात्र खोटं बोलत असेल तर? तिघं पारावर उत्तरेकडं तोंड करून बसलेत आणि एकच जण खोटं बोलतोय असं धरू. गणू म्हणतो, “मी मधे आहे.” तुका म्हणतो, “मी मधे आहे.” राघू म्हणतो, “माझ्या उजवीकडं कुणी नाही आणि तुका मला खेटून बसलाय.” इथं लगेच आकृती काढायची नाही. जी दोन वाक्यं एकत्र खरी असूच शकत नाहीत ती शोधायची. गणू आणि तुका दोघंही मधे असणं शक्य नाही, म्हणजे खोटारडा या दोघांतलाच. मग राघू खरा. तो उजव्या टोकाला, तुका मधे, गणू डाव्या टोकाला आणि खोटं गणूचं. कोण खोटं बोलतोय ते कळायच्या आधीच कोण खरं बोलतोय ते कळलं, आणि बहुतेक अशी कोडी याच वाटेनं सुटतात.

वेळेचं थोडक्यात. आयबीपीएस पीओच्या, म्हणजे सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीच्या, पूर्व परीक्षेत तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे सरासरी ३४ सेकंदांना एक. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. बैठकीच्या एका कोड्यावर पाच प्रश्न असतील तर त्याला तीन मिनिटं देणं परवडतं, सहा नाही. संवाद वाचल्यावर एकही माणूस पक्का बसत नसेल आणि तीनपेक्षा जास्त आकृत्या मांडाव्या लागत असतील तर ते कोडं मागं ठेवा. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांना ९० मिनिटं असतात, तिथं एवढी घाई नसते. तिथं शब्द नीट वाचणाऱ्यालाच गुण मिळतात.

सरावासाठी पुस्तकातली कोडी संपली की रात्री घरी जेवायला बसल्यावर कोण कुठं बसलंय ते बघा आणि प्रत्येकाच्या तोंडी एकेक वाक्य घालून कोडं स्वतः तयार करा. कमीत कमी किती वाक्यांत एकच उत्तर उरतं, ते शोधा. आठ दिवस हे केलंत आणि तरी एखादं कोडं अडलं, तर ते इथंच खाली टाका. आपण ते ओळीओळीनं सोडवू.